जुन्या मालट्रकचे मंद दिवे

फलटण तालुक्यात गळिताचा हंगाम चालू झाला, म्हणजे कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रात्रभर उसाची वाहतूक सुरू असते. मालट्रक, ट्रॅक्टरला जोडलेल्या दुहेरी ट्रॉल्या, सायकलस्वार आणि बैलगाड्या अशी सर्व वाहने एकाच अरुंद रस्त्याने जातात. बैलगाडीस मागे दिवा नसतो आणि उसाच्या मोळ्यांचा रंग अंधारात मिसळून जातो. वाहनाचा मालक टायर, इंजिन व डिझेल यांची काळजी घेतो. पुढचे दिवे मात्र 'लागतात' एवढ्यावरच त्याचे समाधान असते.

गेल्या हंगामात ठिबक संचाच्या पाहणीसाठी मी नीरा उजव्या कालव्यावरील एका बागायतदाराच्या वस्तीवर गेलो होतो. अंगणात त्यांचा वीस वर्षांहून जुना, लहान मालट्रक उभा होता. त्याच्या पुढच्या भागास चिखल लागलेला होता. आदल्या रात्री ऊस घेऊन जात असता पुढची बैलगाडी त्यांना अगदी जवळ आल्यावर दिसली आणि ट्रक रस्त्याखालच्या चारीत उतरवावा लागला. गाडीवान वाचला, बैलही वाचले. "साहेब, बल्ब दोनदा बदलले, बॅटरीही नवी घातली, तरी उजेड पिवळाच," असे ते सांगत होते.

त्यांच्या मोटरीचा स्टार्टर तपासण्यासाठी मल्टिमीटर आणलेलाच होता. इंजिन चालू ठेवून व अप्पर लावून बॅटरीच्या दोन टोकांवर मोजले, तेव्हा 13.8 व्होल्ट भरले. तेच दिव्याच्या होल्डरमध्ये मोजले, तर 11.7. बॅटरीने दिलेल्या दाबापैकी 2.1 व्होल्ट वाटेतच नाहीसे होत होते.

हे कसे घडते, ते कालव्याच्या शेतकऱ्यास निराळे समजावून सांगावे लागत नाही. मुखाशी पाणी भरपूर असते, परंतु चारी गवताने भरलेली व जागोजागी फुटलेली असेल, तर शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्यास धार येत नाही. जुन्या वाहनात दिव्याचा सर्व प्रवाह बॅटरीपासून चालकासमोरील बटनापर्यंत, तेथून डिपरच्या बटनाकडे आणि मग पुन्हा पुढे दिव्यांपर्यंत असा लांबचा फेरा घेतो. तार बारीक असते, बटनातील ठिकऱ्या जळून काळ्या झालेल्या असतात, जोडांवर गंज चढलेला असतो. 60 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 10 अँपियर प्रवाह घेतात. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या चार मीटर तांब्याच्या तारेतच एवढ्या प्रवाहाने सुमारे 0.7 व्होल्ट खर्ची पडतात. बटने, जोड व अर्थिंग यांचा तोटा त्याहून वेगळा.

दाब थोडा घटला तर उजेडही थोडाच घटेल, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. तंतूच्या बल्बचा प्रकाश दाबाच्या मानाने फार वेगाने कमी होतो. दाब 10 टक्के घटल्यास प्रकाश सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. वरील ट्रकमध्ये दाब 15 टक्के घटला होता. म्हणजे प्रकाश निम्म्याहून थोडाच अधिक उरला होता. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दर सेकंदास 11 मीटर पुढे जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर 16 ते 17 मीटर अंतर तेवढ्यातच संपते, आणि भरलेली गाडी थांबावयास त्यापुढे आणखी अंतर हवे.

यावर उपाय रिले हा होय. रिले म्हणजे दुसऱ्या एका लहान प्रवाहाने चालणारे बटन. पंपाच्या स्टार्टरमध्ये शेतकरी ज्या तत्त्वाचा रोज उपयोग करतात, तेच येथेही आहे. अप्परसाठी एक व डिपरसाठी एक, असे दोन रिले दिव्यांजवळ, पाणी व चिखल उडणार नाही अशा जागी बसवावेत. होल्डरकडे येणारी जुनी तार सोडवून रिलेच्या 86 क्रमांकाच्या टोकास द्यावी आणि 85 क्रमांकाचे टोक अर्थिंगला जोडावे. बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज घालून आणलेली नवी जाड तार 30 क्रमांकास जोडावी व 87 क्रमांकावरून दोन्ही दिव्यांस तारा न्याव्यात. आता जुन्या बटनातून केवळ रिलेपुरता, एका अँपियरहून पुष्कळ कमी प्रवाह जातो. त्यामुळे बटनही टिकते.

काही वाहनांत बटन अर्थिंगच्या बाजूस असते. तेथे वरील जोडणी चालत नाही. म्हणून पहिल्यांदा हे काम करावयाचे, तर माहीतगार वायरमनला सोबत घ्यावे.

मुख्य तार 4 चौरस मिलिमीटरची व प्रत्येक दिव्याकडील 2.5 चौरस मिलिमीटरची, बहुतारी तांब्याची आणि वाहनांसाठी बनविलेली असावी. घरातील वायरिंगचे उरलेले तुकडे येथे वापरू नयेत. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ घालावा. या जागेविषयी मी आग्रही आहे, कारण बॅटरी व फ्यूज यांमधील तार कोठे घासून चासीस टेकली, तर तिला थांबविणारे काहीही नसते आणि वाहन पेट घेऊ शकते. वर सांगितलेल्या दोन बल्बांस 15 अँपियरचा फ्यूज पुरतो. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची अर्थिंगची तार प्रथम सोडवावी व ती सर्वांत शेवटी लावावी.

प्लसची तार नवी घालून अर्थिंग जुनेच ठेवणे ही सर्वांत अधिक आढळणारी चूक होय. होल्डरपासून चासीपर्यंत नवी तार द्यावी. तिच्या थिंबलखालचा रंग व गंज पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करावा, बोल्ट घट्ट आवळावा व वरून ग्रीस लावावे.

ज्या मालट्रकांत 24 व्होल्टची व्यवस्था असते, तेथे बल्ब व रिले दोन्ही 24 व्होल्टचेच घ्यावेत. एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढून हॉर्न किंवा टेप चालविण्याची पद्धत सर्रास दिसते. तिच्यामुळे एक बॅटरी उपाशी राहते व दुसरी अतिभारित होऊन दोन्ही लवकर निकामी होतात.

उजेड वाढविण्यासाठी बाजारातून 100 वॅटचे बल्ब आणून बसविणारे पुष्कळ आहेत. जुन्या तारेवर हा बल्ब अधिक प्रवाह ओढतो, त्यामुळे दाब आणखी पडतो, होल्डर वितळतो, आरसा काळवंडतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच. तंतूच्या बल्बसाठी घडविलेल्या आरशात एलईडी बल्ब घातल्यास झोत बहुधा विस्कटतो. दिव्याचा आरसा आधीच काळा पडला असेल, तर वायरिंग बदलूनही उपयोग नाही; दिवाच बदलावा.

शेवटी दिव्यांचा कल तपासावा, आणि तो भरलेल्या गाडीवर तपासावा. माल भरल्यावर मागचा भाग दबतो, पुढचा उचलला जातो आणि डिपरचा झोतही समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. सपाट जागी भिंतीपासून 8 मीटरवर गाडी उभी करून डिपरच्या झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा खाली पडते किंवा नाही, हे पाहावे.

आषाढात श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मार्गाने जाते, तेव्हा दिंड्यांचे सामान वाहणारे ट्रकही याच रस्त्याने मुक्कामाच्या पुढे धावत असतात. त्यांत जुनी वाहने पुष्कळ असतात आणि रस्त्याच्या कडेने माणसे चालत असतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी व वारीपूर्वी अशा दोन वेळा गावातील वाहनांची तपासणी करावी. त्यासाठी मल्टिमीटर एवढेच साधन लागते. बॅटरीवरील व होल्डरमधील दाबात अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक आढळल्यास मालकास तो आकडा दाखवावा. बैलगाड्यांच्या मागील फळीस व ट्रॉल्यांस लाल परावर्तक पट्ट्याही त्याच दिवशी लावून घ्याव्यात.

वर सांगितलेल्या बागायतदारांच्या ट्रकचे काम एका दुपारी पुरे झाले. पुन्हा मोजले, तेव्हा बॅटरीवर 13.8 आणि होल्डरमध्ये 13.4 व्होल्ट भरले. बल्ब तेच होते.