हप्ता हवेच्या खात्यात

बेलेमची हवामान परिषद आटोपली आणि नेहमीचं भांडण तिथेच राहिलं: पैसे कोण देणार, किती आणि कधी? त्याआधीच्या बाकूच्या परिषदेत श्रीमंत देशांनी २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचं कबूल केलं, तेव्हा भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी भर सभेत त्या आकड्याला दृष्टिभ्रम म्हटलं होतं. बेलेममध्ये बदलत्या हवामानाला तोंड देण्यासाठीचा निधी तिप्पट करण्याची भाषा झाली, तीही २०३५च्याच मुदतीवर. अंतिम मसुद्यात कोळसा-तेल सोडण्याचा शब्दही आला नाही.

अशा वेळी कर्जमाफीतून पोलंडच्या पर्यावरणाला मिळालेल्या ५७ कोटी डॉलरची आठवण काढायला हवी. बाकूच्या आकड्यापुढे ही चिल्लरच. पण हे पैसे खरोखर आले, खर्च झाले आणि हिशेब मिटवून कार्यालय बंदही झालं.

१९८९ साली पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळत होती. तिजोरीत खडखडाट होता आणि परदेशी सरकारांचं देणं ३० अब्ज डॉलरच्या घरात गेलं होतं. वीज जवळपास सगळी कोळशाची. वर्षाला सुमारे ४० लाख टन सल्फर डायऑक्साइड चिमण्यांतून बाहेर पडत होता. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनीच्या सरहद्दी जिथे भेटत, त्या लिग्नाइटच्या पट्ट्याला ‘काळा त्रिकोण’ असंच नाव पडलं होतं. आम्लपावसानं तिथल्या यिझेरा डोंगरांतली स्प्रूसची जंगलं उभ्या उभ्या वाळून गेली होती. धूर कुठल्या देशाचा आणि झाड कुठल्या देशाचं, हे ठरवायची सोय नव्हती.

मदत आली म्हणून पोलंड सुधारला, ही सोयीची समजूत आहे. पोलंडनं कुणाची वाट पाहिली नव्हती. सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी सरकार आणि विरोधक ज्या गोलमेजाभोवती बसले, तिथे पर्यावरणासाठी वेगळी बैठक होती. १९८९मध्येच राष्ट्रीय पर्यावरण निधी उभा राहिला. धूर आणि सांडपाणी सोडणाऱ्यांकडून शुल्क आणि दंड घ्यायचे आणि तोच पैसा सुधारणांसाठी द्यायचा, अशी त्याची रचना होती. १९९०मध्ये सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या ८० कारखान्यांची यादी निघाली आणि त्यांच्यामागे तपासणीचा ससेमिरा लागला. अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांची ‘शॉक थेरपी’ चालू होती, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

या सगळ्यात मला सर्वांत रस वाटतो तो मात्सेय नोवित्स्की या माणसात. पेशानं पर्यावरण अभियंता, १९९१मध्ये पर्यावरणमंत्री. कर्जाच्या बदल्यात निसर्ग, म्हणजे धनकोनं देणं सोडायचं आणि ऋणकोनं तो पैसा निसर्गावर खर्चायचा, ही कल्पना त्यांची नव्हे. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ थॉमस लव्हजॉय यांनी ती १९८४मध्ये मांडली होती आणि १९८७मध्ये बोलिव्हियात ती पहिल्यांदा अमलात आली. पण तोवर तिचा विषय होता जंगल. नोवित्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चिमण्यांना, सांडपाण्याला लावली आणि खासगी संस्थांऐवजी थेट सरकारांच्या गळी उतरवली. एप्रिल १९९१मध्ये पॅरिस क्लबच्या धनको देशांनी पोलंडचं निम्मं कर्ज सोडलं. त्याच करारात एक कलम घुसवण्यात आलं: ज्या देशाची इच्छा असेल त्यानं आणखी १० टक्क्यांपर्यंत कर्जावर पाणी सोडावं, मात्र ती रक्कम पोलंडनं पर्यावरणावर खर्चावी.

व्यवहार साधा होता. हप्त्याची तारीख आली की ठरलेला हिस्सा वॉशिंग्टनला जाण्याऐवजी वॉर्सातल्या ‘इकोफुंदूश’ या निधीच्या खात्यात जमा व्हायचा. अमेरिका, फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, स्वीडन आणि नॉर्वे असे सहा देश यात उतरले. १९९२ ते २०१० हा निधी चालला आणि त्यातली बरीच वर्षं नोवित्स्कीच त्याचे अध्यक्ष होते. धनको देशांचे प्रतिनिधी निधीच्या परिषदेवर बसत. कुठल्याच उद्योगाला पूर्ण खर्च मिळत नसे. आधी स्वतःचे पैसे दाखवा, मग आमचा हिस्सा घ्या, असा खाक्या. पुढे २००७मध्ये नोवित्स्की पुन्हा मंत्री झाले आणि २००८च्या पोझनान हवामान परिषदेचे अध्यक्षही. मोठ्या परिषदा भरवणारे पुष्कळ असतात. पंधराएक वर्षं एकाच निधीचा जमाखर्च सांभाळणारा माणूस विरळा.

आता दुसरी बाजू. देणारे काही साधुसंत नव्हते. निधीच्या प्राधान्ययादीत वर काय होतं? सरहद्द ओलांडणारे आम्लवायू, बाल्टिक समुद्राचं प्रदूषण, हरितगृह वायू. म्हणजे पोलंडची जी घाण शेजाऱ्यांच्या दारात जाई ती आधी. शिवाय देणाऱ्या देशांचं तंत्रज्ञान पोलंडच्या बाजारात आणणं हेही निधीचं उघड उद्दिष्ट होतं. आणि एवढं असूनही अमेरिका सोडली तर बड्या धनकोंनी हात आखडताच घेतला. जर्मनी आणि जपान तर यात आलेच नाहीत. निधीच्या एकूण ५७ कोटी डॉलरमधला जवळपास दोन तृतीयांश वाटा एकट्या अमेरिकेचा. बल्गेरियानं १९९५मध्ये हाच मार्ग धरला, तेव्हा पुढे आलं ते फक्त स्वित्झर्लंड, दोन कोटी फ्रँक घेऊन.

मग हवा सुधारली कशी? काळ्या त्रिकोणातलंच तुरोव्हचं वीजकेंद्र पाहा. तिथले सहा जुने संच १९९०च्या दशकाच्या मध्यापासून २००४पर्यंत नव्यानं बांधण्यात आले. नव्या भट्टीत लिग्नाइटचा चुरा आणि चुनखडीची भुकटी हवेच्या झोतावर एकत्र घुसळत जळते. कोळशातलं गंधक चुनखडीला तिथेच चिकटतं आणि चिमणीऐवजी राखेत जातं. हे अब्जावधी डॉलरचं काम, सगळ्या देशासाठी आलेले निधीचे ५७ कोटी त्यात कितीसे पुरणार? ते करावं लागलं कारण नियम कडक झाले होते आणि १ मे २००४ला युरोपीय संघात शिरायचं होतं. सन २०००पर्यंत देशाचं सल्फर डायऑक्साइड उत्सर्जन १५ लाख टनांच्या आसपास उतरलं. कारखाने बंद पडले म्हणून धूर कमी झाला, असं म्हणणारे निम्मेच बरोबर आहेत. कारण १९९२पासून पोलंडची अर्थव्यवस्था वाढत होती आणि धूर तरीही घटत राहिला.

कोळसा मात्र सुटला नाही. त्याच तुरोव्हच्या खाणीमुळे आपलं भूजल आटतंय म्हणून चेक प्रजासत्ताकानं २०२१मध्ये पोलंडला युरोपीय न्यायालयात खेचलं. खाणकाम थांबवण्याचा आदेश पोलंडनं धुडकावला, तेव्हा रोज पाच लाख युरोचा दंड लागला. अखेर फेब्रुवारी २०२२मध्ये साडेचार कोटी युरोंवर तडजोड झाली. गंधक काढणं हे यंत्राचं काम, कोळसा सोडणं राजकारणाचं. दुसऱ्या कामाला कुठलाच निधी पुरत नाही.

आपल्याकडे काय? भारतानं २०१०मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला. २०१६पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. कल्पना पोलंडसारखीच, प्रदूषणाचा पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी. पण जमा झालेल्या ८६,००० कोटी रुपयांहून अधिक रकमेपैकी स्वच्छ ऊर्जा निधीकडे ३० हजार कोटीसुद्धा वळले नाहीत. २०१७मध्ये तो उपकर राज्यांच्या जीएसटी भरपाईत विरघळला आणि सप्टेंबर २०२५पासून भरपाईचा उपकरही जाऊन कोळशावर सरळ १८ टक्के जीएसटी लागू झाला.

पुढची परिषद तुर्कस्तानात, अंताल्याला आहे. तिथे श्रीमंतांकडे मागायचं ते भारतानं ठणकावून मागावंच, तो आपला हक्क आहे. पण त्याआधी कोळशाच्या करातला ठरावीक हिस्सा कायद्यानं वेगळा काढावा आणि तो कुणाला, कशासाठी दिला हे दरवर्षी जाहीर करावं. तेवढं करायला कुणाची परवानगी लागत नाही.