जुन्या ट्रकची तब्येत, भाग १४ : नाचरा काटा

फीड पंपाबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, ते आठवडाभर पुढे ढकलतो. भोकरदन तालुक्यातून आलेला एक प्रश्न त्याहून निकडीचा आहे. जुनी टाटा-मर्सिडीज. सकाळी ऑईल प्रेशरचा काटा व्यवस्थित, पण इंजिन तापलं आणि गाडी राजूरच्या रस्त्याला लागली की काटा क्षणात शून्यावर, क्षणात चार किलोवर. मिस्त्रीने निकाल देऊन टाकलाय : बेरिंगं गेली, हाफ इंजिन काढा. मालक विचारतात, काढू का? एवढ्या पुराव्यावर तर मुळीच नको.

ऑईलचा पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. त्याचे दोन गिअर प्रत्येक फेऱ्याला ठरावीक तेल पुढे लोटतात आणि त्या तेलाला क्रँक व बेरिंगांमधल्या बारीक फटींतून वाट काढावी लागते. त्या अडवणुकीतून दाब येतो. म्हणून इंजिन धडधाकट असो की झिजलेलं, दाब मुख्यतः दोन गोष्टींच्या मागे चालतो : इंजिनचे फेरे आणि तेलाची उष्णता. फेरे वाढले की दाब वाढतो, तेल तापून पातळ झालं की उतरतो. वरची मर्यादा रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग सांभाळते. बेरिंगं झिजली की फटी रुंदावतात, तापलेलं तेल त्यांतून सहज निसटतं आणि आयडलिंगला काटा खाली बसतो. ॲक्सिलरेटर दिला की चढतो. हे रोज, त्याच क्रमाने घडतं. या खड्ड्यात झिजलेलं आणि पुढच्या वळणावर भरून आलेलं, असं बेरिंग नसतं. काट्याची जी हालचाल फेऱ्यांनी किंवा उष्णतेने समजावता येत नाही, तिचं कारण आधी बेरिंगांबाहेर शोधावं.

हा आग्रह जुन्या गाड्यांबाबत जास्त, कारण त्यांचं इंजिन उघडणं म्हणजे सुट्या भागांच्या शोधाला निघणं. डाइमलर-बेंझशी करार करून टाटांच्या टेल्कोने जमशेदपूरला १९५४ मध्ये हे ट्रक बांधायला घेतले. करार १९६९ मध्ये संपला, मर्सिडीजचा तारा गेला, इंजिनांची वंशावळ मात्र पुढे चालली. ६९२ या इंजिनाच्या नावातच माप आहे : सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर बोअर. जालन्यात असा ट्रक दिसणं आता विरळाच. इथल्या भट्ट्या भंगार वितळवून सळया करतात, त्यामुळे जुनं चॅसिस फार दिवस पडून राहत नाही. त्यात २०२१ च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ ठरते ती खासगी वापराची असेल तरच. जन्मभर माल वाहिलेल्या ट्रकला तो मान नाही. जे उरलेत त्यांचं इंजिन संशयावरून खोलू नये.

मग काटा नाचवतं कोण? गेज विजेवरचा असेल तर बहुधा अर्थिंग. इंजिनवर बसवलेला सेंडर तेलाच्या दाबाप्रमाणे आपला विद्युतरोध बदलतो आणि त्याचा परतीचा प्रवाह त्याच्याच आट्यांतून ब्लॉकमध्ये जातो. गळती थांबवायला कुणी आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली, किंवा गाडी नवी करताना ब्लॉक रंगवून तो रंग आट्यांत गेला, की हा रस्ता अर्धवट तुटतो; धक्क्याला जुळतो, पुढच्या धक्क्याला सुटतो. इंजिन ते चॅसिस ही अर्थची पट्टी गंजली असेल तर सेल्फही जड फिरतो. तापमानाचा आणि डिझेलचा काटाही सोबतच नाचत असेल तर सेंडरला दोष देऊ नका, डॅशबोर्डची अर्थ आणि सप्लाय तपासा. एक सर्रास सल्ला मात्र जपून घ्यावा : सेंडरची वायर काढून बॉडीला टेकवा, काटा फुल गेला तर गेज चांगला. अमेरिकी मापाच्या गेजात सेंडरचा रोध शून्य दाबाला २४० ओहम आणि पूर्ण दाबाला ३३, तिथे हे खरं. व्हीडीओ कंपनीच्या जर्मन मापात उलटं, शून्याला १० आणि पूर्ण दाबाला १८०. तिथे वायर टेकवली की काटा शून्यावर जाईल, आणि चांगला गेज भंगारात.

यावर रास्त आक्षेप असा की दाब खरोखरच उडू शकतो. शकतो. चेंबरमध्ये तेल कमी असलं की चढावर किंवा ब्रेक मारताना ते एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि काटा पडतो. रिलीफ व्हॉल्व्हखाली कचरा अडकला तर तो उघडाच राहतो, कचरा निघाला की दाब परत येतो. म्हणून धावत्या गाडीत काट्यावर पूर्ण विश्वास ठेवावा आणि गॅरेजात अजिबात ठेवू नये. रस्त्यावर काटा शून्यावर गेला की इंजिन तत्काळ बंद. तेलाविना बेरिंग काही मिनिटांतच जळतं. मग सपाटीवर, तेल खाली उतरल्यावर दांडी काढून बघा. पातळी कमी असेल तर उत्तर मिळालं. पातळी वाढलेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर तेलात डिझेल उतरतंय. त्याने दाब उडत नाही, पण कायमचा खालावतो, आणि ते तेल आधी काढायला हवं. दांडी ठीक असेल तर तापलेली गाडी सपाटीवर उभी ठेवून फेरे स्थिर धरा. काटाही स्थिर राहिला तर संशय वायर-अर्थवर. उभ्या गाडीतही उडाला तर सेंडर आणि रिलीफ व्हॉल्व्ह दोन्ही रांगेत.

निवाडा करायचा तो मास्टर गेजने. सेंडर काढून त्याच भोकात, आटे जुळवून, यांत्रिक गेज लावायचा. १८४९ मध्ये युजीन बूर्दाँ या फ्रेंच माणसाने पेटंट घेतलेली युक्ती त्यात आहे : चपटी, वाकवलेली नळी, जी दाब आला की जत्रेतल्या फुंकायच्या गुंडाळीसारखी उलगडू पाहते. तिला ना वायर, ना अर्थ. पण हा गेजही देव नव्हे. डॅशपर्यंत गेलेल्या बारीक तांब्याच्या नळीत काळा गाळ बसला तर काटा आळसावतो. नळी कंपनाने कडक होऊन तडकली तर गरम तेल थेट ड्रायव्हरच्या पायांवर. मास्टर गेजवर शंका असेल तर तो आधी एखाद्या निरोगी इंजिनवर लावून बघावा. मग इंजिन पूर्ण तापवून आयडलिंगचा आणि चढ्या फेऱ्यांचा आकडा घ्यायचा आणि मॅन्युअलशी ताडायचा.

दोन उपाय मात्र मला साफ नामंजूर आहेत : दाट तेल ओतणं आणि रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वॉशर घालणं. दाट तेलाने काटा वर येतो, पण थंड इंजिनात ते बेरिंगपर्यंत उशिरा पोचतं. वॉशरने फक्त वरची मर्यादा सरकते. आयडलिंगला व्हॉल्व्ह बंदच असतो, तेव्हा जिथे दाब कमी तिथे तो काहीच करत नाही.

भोकरदनच्या मालकांनी मास्टर गेजवरचे दोन्ही आकडे, गरम इंजिनचे, कळवावेत. ते मॅन्युअलपेक्षा खरंच खाली असतील, आणि तेल व रिलीफ व्हॉल्व्ह ठीक असतील, तर मिस्त्रीचं बहुधा बरोबर, आणि हाफ इंजिन काढावं लागेल. फीड पंप पुढच्या आठवड्यात.