तंबोरा घेताना

सभासद बंधूंनो, उसाचे बिल हाती आले की मुलीच्या गाण्यासाठी तंबोऱ्याची चौकशी सुरू होते. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा भोपळा पिकतो मात्र आपल्या पंढरपूर भागात.

आम्ही पहिला तंबोरा नक्षी पाहून घेतला. खुंट्या घसरायच्या, वर्षभर तो कोपऱ्यात पडून राहिला. म्हणून सांगतो, बेण्याचे डोळे तपासता तसा तंबोराही तपासा. भोपळ्याला चीर नको, दांडी सरळ हवी, खुंटी पिळली की जागेवर राहिली पाहिजे. तारा छेडून बघा. नाद लांबत नसेल तर जवारी काढून मागा. मुलीच्या आवाजाला लहान मापाचाच घ्यावा. नक्षीचे पैसे शिकवणीला ठेवा, आणि खरेदीला गुरुजींना सोबत न्या.