तीन ट्रक आणि एक ‘टिल’

१९६८ सालच्या नाताळच्या सुटीतली गोष्ट. मी तेव्हा अमरावतीला बी.ए.च्या वर्गात होतो आणि इंग्रजी हा माझा खास विषय होता. त्यामुळे अकोल्याला घरी आलो की साऱ्या घराचे इंग्रजी माझ्या गळ्यात पडे. आमच्या काकाजींची कापसाची अडत होती. पुढे १९७२ साली सरकारची एकाधिकार कापूस खरेदी आली आणि त्या धंद्याचे रूपच पालटले. पण तोवर मुंबईच्या पेढ्यांशी व्यवहार चाले, आणि त्यांपैकी एका पेढीला पत्र इंग्रजीतच लागे.

काकाजी म्हणाले, “लिही बाबू, पंधरा जानेवारीपर्यंत गाठी तयार ठेवतो म्हणाव.”

मी ऐटीत फाउंटन पेन उघडले आणि लिहिले, ‘वुई शॅल कीप द बेल्स रेडी टिल द फिफ्टीन्थ ऑफ जानेवारी.’ वाक्य मोठ्याने वाचूनही दाखवले. काकूंनी कौतुकाने माझ्याकडे पाहिले. पत्र गेले.

चार जानेवारीला सकाळी पेढीचे तीन ट्रक जिनिंगच्या दारात उभे! निम्मा कापूस अजून सरकीसकट ढिगात पडलेला. ड्रायव्हरमंडळी दोन दिवस बाजेवर बसून चहा पीत राहिली आणि तिसऱ्या दिवशी रिकामीच निघून गेली. येण्याजाण्याचे भाडे आणि खोळंब्याचे पैसे काकाजींच्या नावावर पडले. पेढीचे म्हणणे सरळ होते: ‘गाठी तयार आहेत आणि पंधरा तारखेपर्यंत तशाच तयार राहतील, असे तुम्हीच लिहिलेत. आम्ही त्याआधी ट्रक पाठवले, यात आमचे काय चुकले?’

काहीच चुकले नव्हते. चुकलो होतो मी. ‘टिल’च्या जागी ‘बाय’ हवे होते, आणि ‘कीप’च्या जागी ‘हॅव’.

काकाजींना ते पटेना. “पंधरा तारखेपर्यंत म्हंजे पंधरा तारखेपर्यंत! त्यात इंग्रजीनं काय बिघडवलं बे? काय शिकून राहिला तू अमरावतीले?”

त्यांचा तरी काय दोष! आपल्या मराठीत ‘पर्यंत’ हा एकच गडी दोन्ही कामे करतो. ‘पाचपर्यंत ये’ म्हणजे पाचाच्या आत ये, आणि ‘पाचपर्यंत थांब’ म्हणजे पाच वाजेतो हलू नकोस. कुठले काम करायचे ते त्याला क्रियापद सांगते. इंग्रजीने या दोन कामांना दोन वेगळे नोकर ठेवले आहेत. एकदाच घडून संपणाऱ्या गोष्टीला ‘बाय’, आणि तोवर चालू राहणाऱ्या गोष्टीला ‘टिल’. शिवाय ‘बडनेऱ्यापर्यंत चालत गेलो’ असे म्हणायचे असेल तर तिथे तिसराच नोकर, ‘ॲज फार ॲज’. ‘दोन दिवसांत माल पाठवतो’ या वाक्यातही असाच सापळा आहे, आणि व्यापारी मंडळींनी तो अवश्य ध्यानात ठेवावा. ‘इन टू डेज’ म्हटले की इंग्रज माणूस बहुधा दोन दिवस सरल्यावर वाट पाहू लागतो. दोन दिवसांच्या आत म्हणायचे तर ‘विदिन’ लागते.

सुटी संपवून मी खालमानेने अमरावतीला परतलो आणि आमच्या प्राध्यापकांना सारी हकिगत सांगितली. ते पोटभर हसले. मग त्यांनी विचारले, “तुम्हांला शाळेत तक्ता पाठ करायला लावला होता का हो? ‘ला’ म्हणजे टू, ‘ने’ म्हणजे बाय, ‘त’ म्हणजे इन, ‘वर’ म्हणजे ऑन?”

लावला होता. अजूनही पाठ आहे.

“तो विसरा,” ते म्हणाले. “प्रिपोझिशन मराठी प्रत्ययाकडे पाहून ठरत नाही. इंग्रजीतला शेजारचा शब्द ते ठरवतो.”

हे वाक्य समजायला मला वर्ष लागले. आता आपला ‘ला’च घ्या, म्हणजे आम्हा वऱ्हाडी मंडळींचा ‘ले’. ‘अमरावतीले जातो’ इथे टू. ‘अमरावतीले राहतो’ इथे इन. ‘गाडी बडनेऱ्याले थांबते’ इथे ॲट, कारण गाडीच्या लेखी बडनेरा हे गाव नसून वाटेवरचा एक ठिपका आहे. ‘पाच तारखेले’ म्हटले की ऑन. आणि ‘अकोल्याले पोचलो’ म्हटले की काहीच नाही! ‘रीच’ या क्रियापदाला मध्ये कोणी मध्यस्थ खपत नाही. ‘डिस्कस’, ‘एंटर’, ‘मॅरी’ ही सारी त्याच एकलकोंड्या स्वभावाची. आपण विषयावर चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ जोडतो. आपले लग्न कुणाशी तरी होते, म्हणून ‘मॅरीड विथ’ लिहितो. इंग्रजीत मात्र लग्न झालेला माणूस ‘मॅरीड टू’ असतो.

‘वर’ची तीच कथा. टेबलावर पुस्तक असते तिथे ‘ऑन’ ठीक. पण झाडावर बसलेला पोपट इंग्रजीत ‘इन द ट्री’ असतो, झाडाच्या आत. बायको माझ्यावर रागावली तर ती ‘अँग्री विथ’, आणि प्रेम केले तर मध्ये काहीच नाही. (माझ्या अनुभवात पहिल्या वाक्याचा सराव अधिक होतो.)

अकोल्याहून अमरावती शंभरेक किलोमीटर. त्या प्रवासात मला एक खूण सापडली. ज्या वाहनात उभे राहून चालता येते, त्या एस.टी.त आणि रेल्वेत आपण ‘ऑन’ असतो. जिथे वाकून शिरावे लागते, त्या मोटारीत आणि रिक्षात ‘इन’. उतरतानाही तसेच, एस.टी.तून ‘गेट ऑफ’ आणि रिक्षातून ‘गेट आउट ऑफ’. खूण म्हणून चांगली आहे, नियम म्हणून तिच्यावर फार विसंबू नये.

तर आमच्या प्राध्यापकांनी मला एक जाडजूड कोश हाती दिला, हॉर्नबी यांचा. त्याची जन्मकथा आपल्यासारख्यांना धीर देणारी आहे. ए. एस. हॉर्नबी १९२४ साली जपानला इंग्रजी शिकवायला गेले. नेहमीचे कोश इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेले. त्यांत शब्दाचा अर्थ असे, पण तो वाक्यात कसा बसवायचा हे परक्या विद्यार्थ्याला त्यांतून कळत नसे. तेव्हा गेटनबी आणि वेकफील्ड या दोन सोबत्यांना घेऊन हॉर्नबींनी निराळाच कोश रचला. कोणत्या क्रियापदामागे काय येते, कोणत्या विशेषणाचा सोबती कोण, हे त्यात दाखवलेले. तो १९४२ साली तोक्योत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने पुन्हा छापला. जगभर खपणाऱ्या त्या कोशाचे मूळ असे आपल्यासारख्याच अडखळणाऱ्या विद्यार्थ्यांत आहे. तेव्हापासून मी शब्द एकटा टिपून घेत नाही. ‘डिपेंड’ लिहिले की शेजारी ‘ऑन’, ‘गुड’च्या शेजारी ‘ॲट’, ‘अफ्रेड’च्या शेजारी ‘ऑफ’. मुलीचे स्थळ पाहताना आपण गोत पाहतो, तसेच हे.

व्याकरणाचे पुस्तक म्हणून आम्ही ‘रेन आणि मार्टिन’ घोकले होते. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते, आणि ‘बो जेस्ट’ ही १९२४ची गाजलेली साहसकादंबरी त्यांचीच, हे कळल्यावर मला त्या रुक्ष पुस्तकाविषयी जरा माया वाटू लागली.

पण एक सांगतो. प्रत्येक चूक सारख्याच तोलाची नसते. आम्ही वऱ्हाडी ‘मले समजून राहिलं’ म्हणतो, म्हणून पोरे इंग्रजीतही ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ म्हणतात. ऐकणारा हसतो, पण त्याला कळते. ‘दोन वर्षांपासून’ म्हणताना ‘फॉर’ऐवजी ‘सिन्स’ पडला तरी अर्थ पोचतो. सुधारावा, पण त्यापायी कुणाचे रिकामे ट्रक परत जात नाहीत. खुद्द इंग्रज ‘ॲट द वीकेंड’ म्हणतो आणि अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. दोघांचेही चालले आहे. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, असा दोष कवी ड्रायडनने १६७२ साली बेन जॉन्सनसारख्या नाटककारात काढला होता, आणि १९२६ साली फाउलरने आपल्या ग्रंथात त्या सोवळेपणाची पुरती हजेरी घेतली. माझ्या वर्गातले दोन अत्यंत हुशार मुलगे ‘इन’ की ‘ॲट’ या धास्तीने तोंडच उघडत नसत. मुलाखतींत ते मागे पडले, आणि त्यांच्याहून कमी जाणणारे, धडाधड चुकत बोलणारे पुढे गेले. याची हळहळ मला अजून वाटते.

आमच्याच अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांच्या खटल्याच्या कामासाठी १९०८ साली विलायतेला गेले, आणि आपली रोजनिशी ते इंग्रजीत लिहीत. सरावासाठी रोजनिशीसारखे साधन नाही, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. आजवर ऐकले फारच थोड्यांनी.

काकाजींनी मात्र आपला उपाय स्वतःच शोधला. त्या जानेवारीनंतर त्यांनी पत्र सांगताना ‘पर्यंत’ हा शब्दच टाकून दिला. “पंधरा तारखेच्या आत तयार होतील,” किंवा “पंधरा तारीख सरेतो राहतील,” असे ते सांगत आणि मी लिहीत असे. मराठी एकदा स्वच्छ झाली की ‘बाय’ आणि ‘टिल’ आपापल्या जागी आपसूक येऊन बसत. पुढे कितीतरी वर्षे त्यांच्या पेढीत कुणी नुसते ‘पर्यंत’ म्हटले की ते चष्म्यावरून पाहून विचारीत, “आत, का सरेतो?”

मागल्या वर्षी माझ्या नातीचा पुण्याहून फोन आला. कचेरीत ‘आय ॲम ऑन लीव्ह टिल मंडे’ असे कळवून ती अकोल्याला येऊन बसणार होती. मी विचारले, “सोमवारी तू कामावर आहेस की घरी?”

“घरी. मंगळवारी जाणार.”

“ते तुझ्या साहेबाला यातून कळेल?”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आजोबा, थांबा हं. ‘बॅक ऑन ट्यूसडे’ करून पाठवते.”