घरचे दप्तर

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या शहरांतून जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचे जे सत्र सध्या चालू आहे, त्याच्या आर्थिक बाजूची चर्चा पुष्कळ होते. चटईक्षेत्र किती मिळणार, भाडे किती मिळणार, ताबा कधी मिळणार, हे प्रश्न सोसायटीच्या प्रत्येक सभेत हिरिरीने विचारले जातात, आणि ते विचारले जाणे योग्यच आहे. परंतु नौपाड्यातले, टिळकनगरातले किंवा पारनाक्याजवळचे एखादे बिऱ्हाड तीस-चाळीस वर्षांचा संसार आवरून भाड्याच्या जागेत जाण्यास निघते, तेव्हा माळ्यावरून जे खाली येते आणि रद्दीवाल्याच्या काट्यावर चढते, त्याचा हिशेब कोठेच मांडला जात नाही. आजोबांच्या हातची जमाखर्चाची वही, माहेरून आलेल्या अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा, लोणच्या-मसाल्यांच्या कृती लिहिलेली तेलकट डागांची वही, शाळेच्या गॅदरिंगचा पिवळा पडलेला फोटो, हे सारे एका दुपारात नाहीसे होते. कोणाच्याही मनात वाईट हेतू नसतो. नव्या जागेत माळा नसतो, आवराआवर करणाऱ्या तरुण मंडळींना ते अक्षर ओळखू येत नाही, आणि ज्यांना ते ओळखू आले असते त्यांना वेळेवर विचारायचे राहून गेलेले असते.

या शहरांना ही हानी इतरांपेक्षा अधिक जाणवावी, असे त्यांच्या घडणीतच एक कारण आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि पुढल्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. त्या मार्गाच्या आधाराने कोकणातून, देशावरून, खानदेशातून आणि विदर्भातून नोकरीसाठी आलेली लक्षावधी कुटुंबे येथे क्रमाक्रमाने स्थिरावली. त्यांचे कुलदैवत, शेत, वाडा, भाऊबंद हे सारे अन्यत्र राहिले. गावाकडच्या माणसाला त्याच्या पणजोबांची साक्ष विहिरीचा काठ देतो, देवळाचा सभामंडप देतो, बांधावरचे आंब्याचे झाड देते. दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये वाढलेल्या मुलाला अशी साक्ष घरातील माणसांनीच द्यावी लागते. ती त्यांनी दिली नाही, तर त्या मुलाचे कुल त्याच्या जन्मदाखल्यापासून सुरू होते.

घरगुती कागदांचे मोल काय, असे विचारणाऱ्याने इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे कार्य आठवावे. जुन्या घराण्यांचे उंबरठे झिजवून, अडगळीत पडलेले रुमाल सोडवून, कसरीच्या तोंडून वाचलेली पत्रे वाचून काढून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, आणि पुढे त्या मालेचे बावीस खंड झाले. पानिपतच्या आधीच्या दशकातील राजकारण त्या पहिल्या खंडातून महाराष्ट्राला नव्याने समजले. ज्यांनी ते कागद पिढ्यान्‌पिढ्या जतन केले, त्यांपैकी बहुतेकांना आपण इतिहासाची सेवा करीत आहोत याची जाणीवही नसेल. वाडवडिलांचे अक्षर टाकून द्यायचे नाही, एवढीच त्यांच्या घरची वहिवाट होती.

कल्याणकरांना तर याहून जवळचे उदाहरण आहे. पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून विख्यात झालेल्या यमुनेचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणातच झाला. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेऊन परतल्या आणि पुढल्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसाव्या वर्षाच्या आतच निवर्तल्या. इतक्या अल्प आयुष्याचे इतके सजीव चित्र आज आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते, याचे श्रेय पत्रांना आहे. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आणि पती गोपाळरावांना लिहिलेली पत्रे राहिली, म्हणून काशीबाई कानिटकरांना त्यांचे चरित्र लिहिता आले. ती पत्रे लिहिताना आनंदीबाईंच्या समोर वाचकवर्ग नव्हता. थंडी, अन्न, पोशाख, अभ्यास, प्रकृती, मनाची उलघाल, असा रोजचाच मजकूर त्यांत होता, आणि त्या रोजच्या मजकुरातूनच एक असामान्य व्यक्ती आपल्याला भेटते.

तथापि कागद जपणे हा या विषयाचा एक भाग झाला, आणि माझ्या मते तो लहान भाग आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांतून, विशेषतः तेथील स्त्रियांच्या हाती, लेखणी आलीच नव्हती. तरी त्यांच्या आठवणी टिकल्या, कारण त्या रोजच्या कामात गुंफलेल्या होत्या. पहाटे जात्यावर बसलेली स्त्री ओवीतून माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरी, मूल आणि दुष्काळ यांना बोलावून घेई. तिची ओवी मुलीच्या कानांवर पडे आणि मुलगी तिच्यात स्वतःची भर घाली. साने गुरुजींनी अशा ओव्या ‘स्त्रीजीवन’मध्ये एकत्र केल्या, आणि पुढे हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी खेडोपाडी हिंडून लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या. ठाणे-कल्याणच्या आसमंतातील आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारीण धवले गाऊन पार पाडते. तिचे पाठांतर म्हणजे त्या समाजाचे दप्तरच होय. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच मोडणाऱ्या वारली पाड्यांतून लग्नाच्या वेळी सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत, त्यात पालघट देवीची स्थापना करीत, आणि तीच आकृती पुढच्या लग्नात पुन्हा नव्या हातांनी उमटे.

डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची कथा या संदर्भात फार उद्‌बोधक आहे. लहानपणी आई गेल्यानंतर त्यांचे बोलणे बंद झाले आणि मातीत रेघोट्या ओढून ते आपले म्हणणे सांगू लागले, असे त्यांच्याविषयी सांगतात. जी चित्रकला लग्नकार्यापुरती आणि स्त्रियांपुरती राखलेली होती, ती त्यांनी रोजची केली. शेत, मासेमारी, तारप्याभोवतीचा नाच, मुंग्यांचे वारूळ, असे जे जे दिसेल ते ते त्यांनी चितारले, आणि २०११ साली पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. त्यांच्या या दैनंदिन परिश्रमामुळे एका समाजाची स्मृती सर्व जगाला दिसू लागली. सृजन आणि स्मृती एकाच घरी नांदतात, ही गोष्ट मला त्यांच्या उदाहरणातून सर्वांत स्पष्ट कळते: जी आठवण पुन्हा पुन्हा हातांनी घडवली जाते ती जगते, आणि जी केवळ बंद पेटीत ठेवली जाते ती एखाद्या आवराआवरीच्या दुपारची वाट पाहत राहते.

आपल्या शहरी घरांत ही घडवणूक कशी व्हावी? गोधडीचेच पाहा. वापरून मऊ झालेली सुती लुगडी किंवा साड्या धुऊन, उन्हात वाळवून, जमिनीवर एकावर एक अंथरतात. सुरकुती राहू नये म्हणून कोपऱ्यांवर पाट किंवा भरलेला तांब्या ठेवतात, आणि काठापासून आत आत सरकत धावदोरा घालतात. वरच्या थरावर निरनिराळ्या कापडांची ठिगळे लावायची असतील तर ती निवडणे हाच एक समारंभ होतो: हा आजीच्या इरकलीचा पदर, हा आईच्या पहिल्या पगाराच्या साडीचा काठ, हा धाकट्याच्या झबल्याचा तुकडा. शिवणाऱ्या दोघीतिघी जणींच्या गप्पांत त्या प्रत्येक तुकड्याचा इतिहास सहजच निघतो, आणि जवळ बसून सुईत दोरा ओवून देणारे मूल तो ऐकत असते. पुढे कित्येक वर्षे ते मूल त्याच गोधडीत झोपते. फोटो आपण क्वचित उघडून पाहतो. गोधडीचा उपयोग रोज रात्री होतो, म्हणून तिच्यातील स्मृतीही रोजची राहते.

दुसरे उदाहरण दिवाळीतल्या किल्ल्याचे. सहामाही परीक्षा संपली की इमारतीच्या आवारात विटा, दगड, गोणपाट आणि माती गोळा होते. गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर पसरले की डोंगराचा आकार येतो, मग बुरूज, तटबंदी, दरवाजा, पायऱ्या आणि टाके. मातीत अळीव किंवा मोहरी पेरली की चार दिवसांत हिरवळ उगवते आणि सिंहासनावर महाराज, तटावर मावळे विराजमान होतात. हा खेळ महाराष्ट्राच्या स्मृतीचा आहे हे उघड आहे, पण तो कुटुंबाच्या स्मृतीचाही होऊ शकतो. आपण लहान असताना किल्ला कोठे करीत असू, माती कोठून आणीत असू, हे वडिलांनी सांगावे. यंदा कोणता गड करायचा ते मुलांनी ठरवावे. आणि पुरा झालेल्या किल्ल्याचा फोटो काढून त्याखाली गडाचे नाव, साल आणि करणाऱ्यांची नावे एका वहीत लिहावीत. दहा दिवाळ्यांनंतर ती वही कोणत्याही विकत घेतलेल्या अल्बमपेक्षा मोलाची ठरेल.

या सूचनेवर पहिला आक्षेप वेळेचा येतो, आणि तो क्षुल्लक नाही. कल्याणहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे सुमारे ५३ किलोमीटर अंतर रोज दोनदा कापणाऱ्या माणसाकडे संध्याकाळी उरते ते केवळ शिणलेले शरीर. परंतु याच लोकलच्या डब्यात टाळ वाजवून भजने म्हणणारी मंडळे आहेत, दसऱ्याला डबा तोरणांनी सजवून त्याची पूजा करणारे प्रवासी आहेत, आणि महिलांच्या डब्यात भाजी निवडता निवडता क्रोशाची वीण एकमेकींना शिकवणाऱ्या भगिनी आहेत. सृजनासाठी स्वतंत्र सवड मिळाली नाही, तेव्हा या माणसांनी ते आहे त्या वेळातच बसवले. घरातही हेच करता येईल. स्वयंपाक, देवपूजा, रांगोळी, मुलाला निजवणे ही कामे व्हायचीच आहेत, त्यांत आठवणीला जागा द्यायची एवढेच.

स्वयंपाकघरापासून आरंभ करणे सर्वांत सोपे. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघर नेले; पण प्रत्येक घरात अशा काही कृती असतात की ज्या कोणत्याही पुस्तकात नसतात. त्या आजीकडून लिहून घ्याव्यात, शक्य तर तिच्याच हस्ताक्षरात, आणि ‘अंदाजाने’ म्हणून ती जे घालते ते एकदा तिच्या हातून घेऊन मोजून पाहावे. कोणती वाटी, कोणती कढई, हा पदार्थ कोणाकडून आला, कोणाला विशेष आवडे, हेही लिहावे.

फोटोंच्या बाबतीत मुख्य शत्रू दोन: विस्मरण आणि कोकणपट्टीची दमट हवा. कागदी फोटोच्या पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, व्यक्तींची नावे, नाते, स्थळ आणि साल लिहावे. बॉलपेनची रेघ पुढल्या बाजूस उमटते. जुना फोटो लॅमिनेट करू नये, कारण ते आवरण पुन्हा काढता येत नाही. पत्रे आणि फोटो पाऊस लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नयेत, आणि हिवाळ्याच्या कोरड्या हवेत वर्षातून एकदा उघडून पाहावेत. मोबाईलमधल्या हजारो छायाचित्रांतून दर महिन्याला मोजकी निवडून छापून घ्यावीत आणि उरलेल्यांची एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या नातलगाकडे ठेवावी. मोडी लिपीतला कागद सापडला तर रद्दीत घालण्यापूर्वी जाणकाराला अवश्य दाखवावा. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभे आहे ते अशाच कागदांच्या आधारावर.

सर्वांत निकडीचे काम मात्र आवाजांचे आहे. वडीलधाऱ्यांना ‘तुमच्या आठवणी सांगा’ असे म्हटले की ते संकोचतात आणि ‘त्यात काय सांगायचे’ म्हणून विषय संपवतात. त्याऐवजी नेमके विचारावे: ‘आजी, लग्न होऊन तू पहिल्यांदा डोंबिवलीला उतरलीस, तेव्हा स्टेशनाबाहेर काय होते? पाणी कोठून आणायचीस? पहिल्या पावसात घर गळले तेव्हा काय केलेस?’ अशा प्रश्नाला उत्तर येतेच, आणि त्या उत्तराला धरून दुसरी हकीकत येते. नाशिकच्या लक्ष्मीबाई टिळकांचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच, तरी ‘स्मृतिचित्रे’ हा मराठीतील अक्षर ग्रंथ त्यांच्या हातून झाला, कारण संसारातल्या लहानसहान घडामोडी जशा घडल्या तशा सांगण्याचे धैर्य आणि प्रेम त्यांच्यापाशी होते. प्रत्येक आजी लक्ष्मीबाई होणार नाही. पण प्रत्येक आजीपाशी सांगण्यासारखे काही ना काही असतेच.

सार्वजनिक जीवनात ही शहरे संस्कृती जपण्यात मागे नाहीत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, आणि डोंबिवलीच्या श्रीगणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली आरंभलेली नववर्ष स्वागतयात्रा आता महाराष्ट्रभर अनुकरणीय झाली आहे. संस्था समाजाची स्मृती राखू शकतात. एका घराची स्मृती त्या घरच्या माणसांवाचून कोणी राखू शकत नाही. म्हणून कुटुंबाने आठवड्यातील एक संध्याकाळ या कामाला द्यावी, तीत थोरांनी सांगावे, तरुणांनी लिहावे, आणि लहानांच्या हाती रंग, सुई, माती किंवा पीठ यांपैकी काहीतरी अवश्य असावे. जे मूल असे हातांनी काही करता करता आपल्या माणसांच्या गोष्टी ऐकते, ते पुढे कितीही लांब गेले, कोणत्याही देशी राहिले, तरी आपण कोणाचे आणि कोठले, हे त्याला दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही; आणि आई-वडिलांनी मागे ठेवलेल्या कोणत्याही सदनिकेपेक्षा हा वारसा त्याच्या अधिक उपयोगी पडतो.