कागदी प्रतिकृतींतून स्तूप-चैत्यांची रचना

स्तूपाचे बाह्य रूप आपल्या डोळ्यांस इतके परिचित आहे की, ते उभे कसे राहते हा प्रश्न सहसा मनात उठत नाही. पालघरजवळील कोळगाव परिसरातील उपासकांना तरी तो दूरचा वाटू नये. त्यांच्याच जिल्ह्यातील सोपारा येथे, ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडात, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली विटांचा स्तूप उजेडात आणला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक व आठ लहान मूर्ती त्याच्या गर्भात सापडल्या. तो स्तूप आतून भरीव होता. आज गावोगावी विहारावर घुमट चढतो तो मात्र पोकळ. आकार एक, पण भार पेलण्याची रीत निराळी. हा भेद जाड कागद, पुठ्ठा, कात्री आणि खळ एवढ्या साहित्यानिशी कोणाही विद्यार्थ्यास हाताने पडताळता येतो.

प्रथम चैत्यगृह घ्यावे. एक पोस्टकार्ड वाकवून कमानीसारखे उभे करावे व वरून बोटाने दाबावे. त्याच्या कडा बाहेर सरकतात. दोन्ही बाजूंस पुस्तके ठेवली की तेच कार्ड बराच भार सोसते. भिंतींचे काम ते हेच. कार्ल्याच्या लेण्यात हा प्रश्नच नव्हता, कारण छत अखंड खडकाचे आहे. तेथे आजही दिसणाऱ्या लाकडी फासळ्या छताला आधार देत नाहीत. लाकडी चैत्यगृहांची आठवण तेवढी राखतात. तेरचे त्रिविक्रम मंदिर मूळचे विटांचे चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात. तेथे कारागिरांना पोकळ छत खरोखरच विटांवर पेलावे लागले.

अंडाची गोष्ट अधिक कठीण. सपाट कागद एका दिशेने वाकतो. एकाच वेळी दोन्ही दिशांनी वाकवू गेल्यास त्यास सुरकुत्या पडतात. म्हणून कागदाच्या बारा निमुळत्या पाकळ्या कापून त्यांची टोके वर एका चकतीस चिकटवावी लागतात. तळाशी कागदी पट्टीचे कडे बांधले नाही, तर पाकळ्या फाकतात. चकती काढली, तर सारेच विस्कटते. संयुत्तनिकायातील कूटसुत्तात नेमका हाच दृष्टान्त आहे: कूटागाराचे सर्व वासे कूटाकडे जातात आणि कूट नष्ट झाले की तेही नष्ट होतात, अकुशल धम्मांचे मूळ अविद्येत आहे ते याच प्रकारे. प्रतिकृती हातात असली की हा दृष्टान्त समजावून सांगण्यास फार शब्द लागत नाहीत.

शेजारी ओल्या मातीचा तेवढाच गोलार्ध करून ठेवावा. त्यास ना चकती लागते, ना कडे. सोपारा अथवा सांचीचा स्तूप या जातीचा. २००१ साली लोकार्पण झालेला नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ, म्हणून दुसऱ्या जातीचा.

येथे एक सावधगिरी हवी. प्रतिकृती दसपट मोठी केली की वजन हजारपट वाढते, पण आधाराच्या छेदाचे क्षेत्रफळ शंभरपटच. पुठ्ठा टिकला म्हणून इमारत टिकेल, असे नव्हे. जोर कोणत्या दिशेस जातो ते पुठ्ठा दाखवतो. खांबाची जाडी अभियंत्यानेच ठरवावी.

मात्र जागेच्या मापाबाबत पुठ्ठा फसवत नाही आणि वर्गणीतून विहार बांधणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग येथेच आहे. एका फुटास अर्धा इंच हे प्रमाण धरल्यास २० फूट रुंद व ३० फूट लांब विहाराचा तळ १० इंच बाय १५ इंच होतो. बसणाऱ्या प्रत्येकास २ फूट चौरस जागा, म्हणजे एक इंचाचा चौकोन. असे दीडशे चौकोन होतात. आता मागील बाजूस ६ फूट व्यासाचा स्तूप आणि त्याभोवती ३ फुटांचा प्रदक्षिणापथ मांडावा. तेवढ्या लांबीचा संपूर्ण पट्टा सोडल्यास उरतात नव्वद. वर्षावासातील ग्रंथवाचनास याहून अधिक माणसे येत असतील, तर स्तूप लहान करावा की भिंत मागे सरकवावी, हे पुठ्ठा कापतानाच ठरवता येते.