चाकांवरचा संसार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मृग तोंडावर आला की सेलूच्या बाहेर, रस्त्याकडेच्या मुरमाड उंचवट्यावर घिसाड्यांच्या, म्हणजे फिरत्या लोहारांच्या, गाड्या येऊन थांबतात. बैल सोडतात, जू जमिनीला टेकते, गाडीवरून ताडपत्री ओढली जाते, तीन दगडांची चूल मांडली जाते. तासाभरात भाता सुरू होतो. मुरमाड जागाच का? कारण आपली काळी माती एका पावसात अशी धरते की भरलेली गाडी जागची हलत नाही.

गाडीतच घर थाटून वर्षभर फिरणाऱ्या जोडप्यांचे व्हिडिओ आता घरोघरी पाहिले जातात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. घरभाडे वाचवावे आणि गाडीतच राहावे, ही कल्पना अनेक तरुणांना भुरळ घालते. पण असा संसार पिढ्यान्‌पिढ्या करणारी माणसे आपल्याच वेशीबाहेर उतरतात. त्यांच्याविषयी आपण जे धरून चालतो, त्यातले बरेचसे चुकीचे आहे.

गैरसमज १ : फिरणे त्यांच्या रक्तातच आहे, एका जागी त्यांचे मन रमत नाही.

वस्तुस्थिती : गाडी हलते ती कामासाठी. पेरणीआधी कुळवाची पास आणि नांगराचा फाळ, पिकात तण माजले की खुरपी, सुगीला विळे, सरपणासाठी कुऱ्हाड. पण एका गावाचे काम थोड्याच दिवसांत उरकते आणि पुढचे गाव धरावे लागते. वर्षभर एका लोहाराचे पोट भरेल एवढे काम लहान गावात नसतेच.

राजस्थानातल्या गाडिया लोहारांची एक कथा सांगितली जाते. १५६८ साली अकबराने चितोड घेतले, तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी चितोड परत मिळेपर्यंत घरात न राहण्याची शपथ घेतली, अशी ती कथा. आपल्याकडच्या शासकीय यादीतही घिसाडी जमातीसोबत गाडी लोहार, चितोडी लोहार, राजपूत लोहार ही नावे येतात. मात्र एप्रिल १९५५ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत चितोडगडावर ही शपथ समारंभपूर्वक सोडवली गेली. तरीही गाड्या थांबल्या नाहीत. शपथ सुटली, पण जमीन हाती आली नव्हती आणि काम गावोगाव विखुरलेलेच होते.

गैरसमज २ : गाडीत राहणाऱ्याला खर्चच नसतो.

वस्तुस्थिती : भाडे नाही, घरपट्टी नाही, वीजबिल नाही, एवढे खरे. बाकी सगळ्याचे पैसे मोजावे लागतात, आणि बरेचदा घरात राहणाऱ्यापेक्षा जास्त. घर असलेला गरीब माणूस सुगीत भाव उतरले की ज्वारीचे पोते भरून ठेवतो. गाडीत पोते ठेवायला जागा नाही आणि पावसात ते कोरडे राहील याची खात्री नाही. म्हणून तेल, मीठ, पीठ रोजच्या रोज, पुडीपुडीने आणावे लागते, आणि सुटा माल नेहमीच महाग पडतो. हापशी आटली की पाणी विकत. सरपण आणि भट्टीचा कोळसा विकत. दुष्काळी वर्षात कडब्याच्या पेंढीचा भाव वाढला की बैल पोसणे माणसे पोसण्याइतकेच अवघड होते. फाटलेली ताडपत्री, चाकाचे वंगण, टपरीवर मोबाईल चार्ज करण्याचे पैसे हे वेगळेच.

काही खर्च रुपयांत मोजता येत नाहीत. शौचालय नसल्याने बाया उजाडायच्या आत उठतात. बाळंतपण, आजारपण, वयात आलेली मुलगी, या प्रत्येक वेळी ताडपत्रीचा आडोसा अपुरा पडतो.

गैरसमज ३ : हाताला कसब आहे म्हणजे कमाईला मरण नाही.

वस्तुस्थिती : कसब आहेच. भट्टीजवळ थोडा वेळ उभे राहिले की ते कळते. बुवा सांडशीत लाल झालेली पास धरतो आणि हलक्या हातोडीने ठोका कुठे हवा ते दाखवतो. समोर उभी असलेली बाई पदर खोचून नेमक्या त्याच जागी घण घालते. तोंडाने कोणी काही बोलत नाही. हातोडी ऐरणीवर नुसती टेकली की घण थांबतो. मग लोखंडाला पाणी द्यायचे. किती तापले असताना बुडवायचे, हे रंगावरून ठरते. लवकर बुडवले तर धार ठिसूळ होऊन तुटते, उशीर झाला तर ती टिकत नाही.

पण या कसबाचे गिऱ्हाईक घटत चालले आहे. पूर्वी बैलगाडीच्या लाकडी चाकाला धाव चढवण्याचे काम असे. लोखंडी पट्टीचे कडे चाकापेक्षा किंचित लहान करायचे, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचे, फुगले की चाकावर बसवून पाणी ओतायचे. लोखंड आकसून चाकाची सगळी लाकडे आवळून धरते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला रबरी टायर असतात, त्यांना धाव लागत नाही. नांगरट ट्रॅक्टरने होते, तणनाशक फवारले की खुरप्याचे काम कमी होते, आणि कारखान्यातला विळा दुकानात टांगलेला मिळतो. माणसे कमी कष्ट करू लागली म्हणून नव्हे, तर शेतीची अवजारेच बदलली म्हणून ही कमाई आटत गेली.

गैरसमज ४ : पालावरच्या माणसांपासून जपून राहावे, सरकारनेच त्यांना गुन्हेगार ठरवले होते.

वस्तुस्थिती : ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्या कायद्याने अनेक जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार मानले. माणसाने काय केले हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहिले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. त्यातून सुटलेल्या जमाती म्हणजे 'विमुक्त'. महाराष्ट्रात विमुक्त जातींची वेगळी यादी आहे आणि घिसाडी त्या यादीत नाहीत. ते भटक्या जमातींच्या 'ब' गटात येतात. आपण 'भटके-विमुक्त' एका दमात म्हणतो, म्हणून ही सरमिसळ होते. अर्थात, ज्या जमातींना तो कायदा लावला होता त्याही गुन्हेगार नव्हत्या.

हा संशय किती महागात पडतो, ते १ जुलै २०१८ रोजी दिसले. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारले. ते भिक्षा मागायला आले होते. त्यांचा दोष एवढाच की गावात त्यांना ओळखणारे कोणी नव्हते.

गैरसमज ५ : पत्ता नाही, म्हणजे मतदान नाही आणि रेशनही नाही.

वस्तुस्थिती : घर नसलेल्या माणसालाही मतदार यादीत नाव नोंदवता येते. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार तो नमुना ६ मध्ये आपण रात्री झोपतो ती जागा लिहू शकतो. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे जाऊन खात्री करतो. निवासाचा कागद मागितला जात नाही. रेशनकार्ड एकदा निघाले की 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेत दुसऱ्या गावच्या दुकानातूनही धान्य मिळते.

खरी अडचण जातीच्या दाखल्यापाशी येते. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही मानीव तारीख आहे. त्या तारखेला कुटुंब महाराष्ट्रात राहत होते, याचा पुरावा लागतो. ज्यांचे आजोबा गाडीत जन्मले आणि गाडीतच गेले, त्यांनी साठ वर्षांपूर्वीचा रहिवास कोणत्या कागदावर दाखवायचा? म्हणूनच अधिकाऱ्याने स्थानिक चौकशी करून दाखला देणे, हा या लोकांसाठी सर्वांत मोठा आधार आहे. सवलती कागदावर असतात. दाखला नसेल तर त्या तिथेच राहतात.

गैरसमज ६ : त्यांनाच मुले शाळेत घालायची नसतात.

वस्तुस्थिती : भात्यापाशी पोरगे बसवावे लागते, धाकट्याला सांभाळायला पोरगी लागते, हे खरे आहे. पण शाळेच्या दारातून परत पाठवलेल्यांचे काय? शिक्षण हक्क कायदा, २००९ स्पष्ट सांगतो : वयानुसार योग्य त्या वर्गात प्रवेश द्यायचा, जन्माचा दाखला नाही म्हणून नाकारायचे नाही, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवायचे नाही. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी राज्यात निवासी आश्रमशाळाही आहेत. आईबाप पुढच्या गावाला गेले तरी मूल शिकत राहते.

गैरसमज ७ : जागा दिली तरी ते विकून पुन्हा गाडीत बसतील.

वस्तुस्थिती : जागा मिळते किती जणांना, हे आधी पाहावे. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत कुटुंबाला पाच गुंठे जमीन आणि २६९ चौरस फुटांचे घर देण्याची तरतूद आहे. त्यासाठी आधी जमीन उपलब्ध व्हावी लागते, आणि गाडे तिथेच अडते. केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये याच समाजांसाठी सीड योजना आणली. तिच्यात शिक्षण, आरोग्य विमा, उपजीविका आणि घर असे सगळे होते, पण पाच वर्षांसाठी संपूर्ण देशाला तरतूद होती २०० कोटींची.

ठरलेली जागाही कामाची हवी. गावापासून लांब, रस्ता नसलेल्या माळावर लोहाराची भट्टी चालत नाही. रस्त्यालगत घर, अंगणात ऐरण, जवळ पाणी आणि शाळा असेल तर म्हातारी माणसे आणि मुले थांबतील, आणि काम करणारे हंगामापुरते फिरून येतील. फिरणे आणि राहणे यांतले एकच निवडा, असे त्यांना सांगायचे कारण नाही.

गाडीत राहण्याचे स्वप्न पाहणाऱ्यानेही एवढे ध्यानात घ्यावे. त्या संसाराची गोडी परतायला घर आहे तोवरच असते.

यंदा मृगाआधी त्या मुरमाड जागेवर गाड्या उतरतील, तेव्हा गावाला फार मोठे काही करायचे नाही. टँकरच्या फेरीत ती जागा घ्यावी. शाळेतल्या गुरुजींनी एक चक्कर मारावी. मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याला तिथे कोणी घेऊन जावे. आणि खुरप्याला धार लावून घेताना भात्यापाशी बसलेल्या पोराला नाव आणि इयत्ता विचारावी. इयत्ता सांगता आली नाही, तर त्याच्या आईबापाला सोबत घेऊन शाळेपर्यंत जावे.